सरकपट्टी

“मी म्हणतोय पट्टी सुटणार न्हाय! मला येकदा बघू तर द्या!”

“बघून काय होणार पप्पा? बोर्ड पडला. आदमी के कंधे पे पडला. अब और क्या देखना है?”

“मराठीत बोल.”

“मराठीत पण खालीच आला!”

तारामती ओला फडका घेऊन टीव्हीच्या मागची धूळ पुसत होती. आदल्या संध्याकाळी आंधी येऊन गेली होती. खिडक्या लावलेल्या असल्या तरी जयपूरची आंधी घरात शिरते. देव्हाऱ्यातल्या निरांजनापासून मिठाच्या बरणीच्या झाकणापर्यंत सगळीकडे तो तांबूस थर बसतो. टीव्हीमागची फळी तिने सकाळपासून तीनदा पुसली होती. बापलेक भांडत असले की हातात फडका असलेला बरा, हे तिला फार वर्षांपूर्वी कळलं होतं. पुसणाऱ्या बाईला कोणी ‘तू कोणाच्या बाजूची’ असं विचारत नाही.

त्या आंधीत आदर्श नगरातल्या एका खासगी हॉस्पिटलचा दर्शनी बोर्ड सुटून फाटकावरच्या चौकीदारावर पडला होता. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. डोकं थोडक्यात वाचलं. बोर्ड बसवला होता तारामतीच्या मुलाच्या, निलयच्या दुकानाने, आणि तो ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसवला होता त्या त्याच्या बापाने, देवरामने, स्वतःच्या हाताने बनवलेल्या होत्या. ऑर्डर आणली होती सुनेने. हर्षाली त्याच हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीत बसायची. आता ती स्वयंपाकघराच्या दारात हाताची घडी घालून उभी होती. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती, आणि निलयच्या ओरडण्यापेक्षा तिचं न बोलणंच घरात जास्त ऐकू येत होतं.

“त्या चौकीदाराजवळ कोण हाय?” तारामतीने विचारलं. “त्याची बायकोबियको?”



“सोमवारपासून दिल्लीच्या तयार फ्रेम मागवणार,” निलय म्हणाला. “एक साइज, चार होल, खतम. तुमची सरकपट्टी बंद. मी तुम्हाला किती टाइमपासून बोलतोय.”

“बोलतोयस, बोलतोयस. तेवढंच येतं. जन्मात येकदा तरी न विचारता माझं ऐकलंयस का? शाळेत घातला तवापास्नं ‘क्यों पप्पा, क्यों पप्पा’!”

“हां, तर मग आज पण विचारतो. क्यों गिरा, पप्पा?”

तारामतीने फडका पिळला. पाणी पुन्हा तांबडं आलं.

देवराम मूळचा सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. विशीच्या आत फौजेत गेला तो फिटर म्हणून. बंदूक त्याने फारशी चालवली नाही, पण ट्रकचं काहीही मोडलं तरी ते त्याच्याकडे यायचं. शेवटचं पोस्टिंग जयपूरला मिळालं, आणि तिथे त्याच्या गळ्यात एक भलतंच काम पडलं: साहेबांच्या बंगल्यांवरच्या नावाच्या पाट्या बदलणं. दोन-अडीच वर्षं झाली की साहेब बदलायचा. एकाचं नाव चार अक्षरांत आटपायचं, पुढच्या दक्षिणेकडच्या साहेबाचं नाव फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. प्रत्येक पाटीसाठी भिंतीत नवी भोकं, जुन्या भोकांत पुट्टी. शेवटी भिंतीची चाळण व्हायची.

एका दुपारी तो जेवायला आला तेव्हा तारामती निलयच्या शाळेच्या पँटची दुमड उसवत होती. ती नेहमी वाढत्या अंगाची पँट घ्यायची, आत चांगली चार बोटं कापड दुमडून ठेवायची आणि दर जूनमध्ये थोडं सोडायची. देवराम घास हातात धरून बघत राहिला.

“तारा,” तो म्हणाला, “पोरगं वाढतंय म्हणून तू पँट फेकत न्हाइस. मग नाव वाढलं म्हणून मी भिंत का फोडतोय?”

“भात गार हुतोय,” ती म्हणाली होती.

त्याच आठवड्यात त्याने भंगारातल्या पट्ट्यांना लांबट खाचा पाडल्या. भिंतीला उभ्या पट्ट्या एकदाच ठोकायच्या. त्यांच्यावर दोन आडव्या. वरच्या पट्टीला पाटी अडकवायचे आकडे, ते डावी-उजवीकडे सरकणारे. पाटी लांब असली तर लांब न्या, आखूड असली तर जवळ आणा. खालची पट्टी वर-खाली सरकणारी, पाटीच्या उंचीप्रमाणे. वरची पट्टी वजन पेलते आणि खालची वाऱ्याला धरते, असं तो सांगायचा. खालच्या खाचांत बोल्ट आवळला की पाटी भिंतीला चिकटलीच. वारा मागे शिरून तिला उचलू शकत नाही. कर्नलसाहेबांनी पाठ थोपटली होती. त्या दिवशी देवराम घरी पेढे घेऊन आला होता, बढतीच्या वेळी आणले नव्हते ते.

निवृत्त झाल्यावर बरोबरचे सगळे गावाकडे गेले. देवराम निलयच्या शाळेसाठी म्हणून जयपुरातच, खातीपुऱ्यात राहिला. स्टेशनजवळ एक गाळा घेतला आणि साहेबांच्या पाट्यांवरून दुकानांच्या, दवाखान्यांच्या, क्लासेसच्या बोर्डांवर आला. लहान, मोठे, उभे, आडवे. सगळ्यांना एकच सरकपट्टी. “आडजस्ट हुती,” तो गिऱ्हाइकाला सांगायचा आणि तारामतीकडे बघायचा. “आमच्या घरात सगळंच आडजस्ट हुतंय.”

“तुमची पट्टी भिंतीला हाय तितं हाय,” तारामती म्हणायची. “मी माणवरनं हितवर सरकले.”

प्रत्येक बोर्ड बसवायला शिडीवर तो स्वतः चढायचा. कजोड नावाचा इथलाच एक फिटर हाताखाली असायचा, शिडी धरायला आणि पाना-पक्कड द्यायला. गेल्या थंडीत देवरामला शिडीवर असताना चक्कर आली. कजोडने खालून धरलं म्हणून वाचला. त्या दिवशी तारामतीने त्याला गळ्याची शपथ घातली आणि शिडी माळ्यावर टाकून माळ्याला कुलूप लावलं. किल्ली तिच्या मंगळसूत्राच्या पिनेला असायची. हॉस्पिटलचा बोर्ड हा देवरामच्या हातांशिवाय चढलेला पहिला बोर्ड होता. त्याने घरी पट्ट्या जोडून, मापं लावून, खुणा करून दिल्या होत्या.

बाहेर टेम्पो थांबला. कजोडने पडलेल्या बोर्डाच्या पट्ट्या व्हरांड्यात आणून टाकल्या. फरशीवर असा आवाज झाला की शेजारच्या मिश्रीणबाई गॅलरीत आल्या आणि घाईने आत गेल्या.

देवराम स्टुलावर बसला. चष्मा पुसला. वरची पट्टी उचलली, तिचे आकडे उघडे पडले होते, एक वाकला होता. मग त्याने खालची पट्टी मांडीवर घेतली आणि एकेका खाचेवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

“तारा, हिकडं ये. माझे डोळे म्हातारे झाले. तू बघ.”

तारामती फडका खांद्यावर टाकून वाकली. खाचांच्या कडेचा काळा रंग नवाकोरा होता. ओरखडाही नव्हता.

“हितं बोल्ट बसलाच न्हाय,” देवराम म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. “निलय! बघ! बोल्टच न्हाय! वरच्या आकड्यावर नुसता लटकवलाय बोर्ड. आंधी मागनं शिरणार न्हाय तर काय करणार? कजोड! ये कजोड, इधर आओ!”

कजोड चपला काढून पायरीशी आला. पन्नाशीचा, सडपातळ, कानात सोन्याची मुरकी. बोर्ड पडल्याची बातमी कळल्यापासून त्याचाही चेहरा उतरलेला होता.

“नीचे के बोल्ट किधर हैं?”

“नीचे के तो नहीं लगाए, फौजी साब.”

“क्यों नहीं लगाए?”

कजोड गोंधळला. त्याने एकदा निलयकडे पाहिलं, मग खाली वाकून पट्टीवर बोट ठेवलं. खाचांच्या शेजारी पांढऱ्या ऑइलपेंटने, बारीक ब्रशने, सुरेख अक्षरांत लिहिलेलं होतं. वरच्या पट्टीवर ‘ऊपर’. आणि या पट्टीवर ‘खाली’.

“आपने ही लिखा है, साब. खाली. तो मैंने खाली छोड़ दी.”

कूलरमधून पाणी ठिबकत होतं.

“मैंने सोचा हवा निकलने के लिए छुड़वाई होगी,” कजोड म्हणाला. “फौजी आदमी हैं, सोच के ही लिखा होगा.”

“अहो, खाली म्हणजे खालची!” हर्षाली व्हरांड्याच्या दारात येऊन म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला शब्द. “मराठीत खाली म्हणजे नीचे. रिकामी नाही!”

“हमारे यहाँ तो नीचे को नीचे ही कहते हैं, भाभीजी.”

देवराम पट्टीकडे बघत होता. इतकी वर्षं तो कजोडशी बोलला, ‘नीचे पकड़ो, नीचे देखो, नीचे वाला दो’, आणि एकदाही जीभ चुकली नव्हती. पण शिडीवर उभं राहून ओरडणं वेगळं आणि घरात बसून लिहिणं वेगळं. कजोडसाठी म्हणून त्याने आठवणीने ‘ऊपर’ लिहिलं, आणि दुसऱ्या पट्टीशी येईपर्यंत हात आपल्या गावाला निघून गेला.

तारामतीला ती दुपार आठवली. तो व्हरांड्यात बसून रंगवत होता आणि ती चहा घेऊन आली होती. तिने अक्षरं वाचलीसुद्धा होती. ‘ऊपर, खाली,’ मोठ्याने वाचून ती म्हणाली होती, “अक्षर अजून कसं दाण्यासारखं येतंय वो तुमचं.” तिला त्यात काही चुकीचं दिसलं नव्हतं. चुकीचं नव्हतंच काही.

“आसं कसं सोडलंस?” देवराम कजोडला म्हणाला, हिंदी विसरून. “विचारायचं तरी. फोन करायचा.”

त्याचा सूर कजोडला कळला. “किया था साब. आप सो रहे थे. तो मैंने निलय भैया को किया. पूछा कि बाऊजी ने खाली लिखा है, खाली ही रखूँ क्या.”

देवरामने मान वर केली.

निलय भिंतीला टेकून उभा होता. हॉस्पिटलला नेताना टेम्पोत पट्ट्या त्यानेच चढवल्या होत्या. तो शब्द त्यानेही वाचला होता.

“मी बोललो…” त्याने पट्टीवरच्या अक्षरांकडे पाहिलं. “मी बोललो, पप्पांनी लिहिलंय ना, तो रखो. सोचकर लिहिलं असेल. मी… मतलब, मी विचारलं नाही. मला वाटलं, हर बार क्या पूछना.”

तारामतीने डोळे मिटले. हाच पोरगा सकाळी ओरडला होता, मराठीत पण खालीच आला म्हणून. जिभेवर त्याला शब्द माहीत होता. पण अक्षरं त्याला शिकवली ती इथल्या शाळेने, हिंदीतून. छापलेलं, लिहिलेलं काही दिसलं की तो आधी हिंदीच वाचायचा. आणि जन्मात एकदा त्याने बापाचं न विचारता ऐकलं होतं.

देवराम ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने ओरडावं, असं तारामतीला मनापासून वाटलं. ओरडला असता तर निलय उलटून बोलला असता, हर्षाली रडली असती, ती पाणी आणायला उठली असती. पण देवराम नुसता अंगठ्याने ती पांढरी अक्षरं घासत राहिला. ऑइलपेंट होता. निघाला नाही.

“पप्पा, मग डिझाइन बरोबर आहे ना,” निलय स्टुलाजवळ येऊन बसला. “तुमची काहीच गलती नाही. मी हॉस्पिटलवाल्यांना सांगतो. दिल्लीचं कॅन्सल. आता आपण पट्टीवर हिंदीत छापून घेऊ. मी स्वतः बघीन. पप्पा के नाम का…”

“तू चढशील शिडीवर?”

निलयला उंचीचं भय होतं. लहानपणापासून. घरात सगळ्यांना माहीत होतं.

“कजोड चढेल,” तो म्हणाला.

“कजोड वाचंल, तसं लावंल,” देवराम म्हणाला. “उद्या त्याच्या जागी दुसरा येईल. त्यो त्याचं वाचंल.”

कजोडला आपलं नाव तेवढं कळलं. त्याने हात जोडले. “गलती हो गई, साब.”

“तेरी नहीं है,” देवराम म्हणाला. एवढं त्याने हिंदीत नीट म्हटलं.

तारामतीचा हात पिनेकडे गेला. माळ्याची किल्ली तिच्या बोटाला लागली. एवढंच म्हणायचं होतं: घ्या, चढा तुम्ही. तुमचं तुम्ही लावा, कोणाला काही लिहून द्यायला नको. पण तिला तो थंडीतला दिवस दिसला, कजोडच्या दोन्ही हातांवर आडवा पडलेला नवरा, पांढरे ओठ. आणि तिला तो चौकीदार दिसला, ज्याला तिने पाहिलंही नव्हतं. किल्ली तिथेच राहिली. फडका खांद्यावरून घसरून फरशीवर पडला आणि तिने तो उचलला नाही.

देवराम उठला. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मोरीवर जाऊन हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले, तरी नखांच्या कडेला काळं राहिलं. टॉवेलला हात पुसत तो परत व्हरांड्यात आला आणि त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, सुनेकडेसुद्धा.

“हर्षाली, त्या चौकीदाराचा डबा उद्यापास्नं आपल्या घरनं जाईल. तू ड्यूटीला जाताना ने.”

“हो बाबा.”

“आणि निलय, सकाळी वेल्डिंगवाल्याला बोलव. दुकानात हायत तेवढ्या सगळ्या पट्ट्या येका मापाला धरून वेल्ड करून टाकायच्या. सरकणारं काय ठेवायचं न्हाय.”