मैदानाचा घोर

आपल्या देशाची फुटबॉलची टीम पुढचा सामना कुठे खेळणार, या प्रश्नापायी ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. टीम जिंकेल की हरेल याची मामांना फारशी फिकीर नसते. हरणं त्यांनी केव्हाच पोटात घातलं आहे. क्रिकेटच्या या मुलुखात फुटबॉलवाली आपली मुलं जगाच्या रांगेत बरीच मागे उभी आहेत हेही त्यांना ठाऊक आहे. त्यांना घोर लागतो तो मैदानाचा. "हरू द्या हो जावईबापू," ते म्हणतात, "पन हरायला तरी घरच्या मानसांत हरावं का न्हाई? परक्या मांडवात कशाला?"

मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. श्रीरामपूरच्या स्टँडवर कोणती गाडी कोणत्या फलाटाला लावायची हे उभ्या हयातीत त्यांनीच ठरवलं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक योग्य फलाट असतो, आणि ती भलत्याच फलाटाला लागली की सत्यानाश होतो, अशी त्यांची पक्की समजूत होऊन बसली आहे. बेलापुरात कुणाच्या घरी कार्य निघालं की ते आधी मांडव पाहून येतात आणि चेहरा पाडून परततात. "मानसं मूठभर, अन् मांडव केवढा घातलाय!" आमच्या धाकटीच्या बारशाला मी हौसेनं मोठा हॉल घेतला होता. मामा आले, दारातच थबकले आणि त्यांना दरदरून घाम फुटला. मग कोट काढून त्यांनी एकट्याने मागच्या सगळ्या खुर्च्या उचलून भिंतीशी रचल्या, पाहुण्यांना पुढे दाटीवाटीने बसवलं, आणि मगच पाळण्यापाशी येऊन म्हणाले, "आता बरं. न्हाईतर पोरीला वाटलं असतं, माझ्या बारशाला कोन आलंच न्हाई." पोर तेव्हा झोपलेली होती.

माझं श्रीरामपुरात चष्म्याचं दुकान आहे. मामा बेलापूरहून बाजाराला आले की तिथे टेकतात. एखादा शेतकरी डोळे तपासायची जड फ्रेम नाकावर चढवून भिंतीवरची अक्षरं वाचत असावा, आणि मामांनी त्याला विचारावं, "पाव्हनं, आपल्या टीमनं कुठं खेळावं असं तुमाला वाटतं?" पाव्हणे बिचारे क्रिकेटचं काहीतरी बोलू लागतात. मग मामा त्यांना समजावतात, की ज्या मैदानाच्या कडेने पळायचा ट्रॅक असतो तिथे फुटबॉल ठेवणं हा गुन्हा आहे, कारण बसणारा माणूस इतका लांब पडतो की त्याची हाक खेळणाऱ्याच्या कानापर्यंत पोचत नाही. "तुमच्या बैलाला तुमचा आवाज लागतो का न्हाई?" "लागतो की." "मग?" एवढं झाल्यावर तो माणूस डाव्या डोळ्याची अक्षरं उजव्या डोळ्याने वाचून मोकळा होतो, आणि मला सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते.

पुण्याला आमच्या एका नातलगाचं लग्न होतं. अक्षता पडायच्या वेळेला मामा गायब. मामीचा जीव टांगणीला. शेवटी ते मांडवात शिरले तेव्हा जेवणाची पंगत उठत होती आणि त्यांच्या बुटांना ओलं गवत चिकटलेलं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेलं एक मोठं स्टेडियम ते पाहून आले होते. "न्हाई जमायचं," मामीकडे न बघता ते मला म्हणाले. "लई मोठं हाय. त्यात आपली पोरं हरवून जातील." मग आवाज खाली आणून त्यांनी आपला निकाल सांगितला, "कोल्हापूर." तिथलं मैदान आटोपशीर. तिथे पेठापेठांच्या टीमच्या सामन्यालाही लोक भिंतीवर चढून बसतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, "आपल्या स्टँडवरनं सरळ गाडी हाय."

हे "सरळ गाडी हाय" मामांच्या लेखी अखेरचं वाक्य. सोनईचे त्यांचे व्याही मात्र ते मानायला तयार नसत. व्याह्यांचं मत असं की देशाची टीम देशाच्या राजधानीत खेळली पाहिजे, त्यात शोभा आहे. दोघे एकदा एका साखरपुड्यात या विषयावर इतके हमरीतुमरीवर आले, की मुलीकडच्यांना वाटलं देण्याघेण्यावरून काही फिसकटलं.

"दिल्लीत कोन येतंय बघायला?" मामा कडाडले.

"न का येईना! राजधानी ती राजधानी!"

"मग तुमच्या पोरीचं लगीन कलेक्टर कचेरीत लावा की! तिथंबी लई शोभा हाय!"

व्याही पुढचे कितीतरी महिने बेलापूरला फिरकले नाहीत. मामांना त्याचंही वाईट वाटे, पण दिल्लीवर तडजोड करायला मन धजत नसे.

त्यानंतर मामांच्या छातीत कळ आली. नगरला नेलं, स्टेंट बसला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की धावपळ नको, त्रागा नको, लांबचे प्रवास नकोत. मामीने टीव्हीचा रिमोट पिठाच्या डब्यात ठेवला. मामा नुसते ओट्यावर बसून राहत आणि दोन बोटं मनगटावर ठेवून स्वतःची नाडी बघत. कुणी "कसं काय" विचारलं की म्हणत, "चाललीय. पन थांबे किती घेती ते कळंना." आम्हाला वाटलं, आता मैदानाचा घोर सुटला. तो सुटला नव्हता. देशाचा पुढचा सामना गोव्यात आहे हे त्यांना कळलं, त्या दिवशी त्यांनी दुपारीच दुकान गाठलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "जावईबापू, सामना आडवारी ठेवलाय. सुट्टी न्हाई, काही न्हाई. कोनबी यायचं न्हाई हो. पोरं एकटी पडतील."

मी समजावलं, बायकोने समजावलं, मामी रडली. मामांचं एकच पालुपद, "आपल्याकडनं सरळ गाडी हाय." ते खोटंही नव्हतं. आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनाचं नाव बेलापूर. त्या स्टेशनावरून गोव्याकडे रेल्वे जाते. शेवटी मामीने डोळे पुसले आणि गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. "जावई, तुमी संगं जा. छातीत दुखाया लागलं की ही बारकी गोळी जिभंखाली. अन् त्यांना आरडू देऊ नका."

गाडीत मामा झोपले नाहीत, त्यामुळे मीही झोपलो नाही. माझा एक हात सारखा खिशातल्या डबीवर. पुण्याच्या पुढे गेल्यावर ते आपणहून बोलू लागले. तरुणपणी ते श्रीरामपूरच्या मिशनच्या मैदानावर ख्रिस्ती दोस्तांबरोबर खेळत. मामा गोलकीपर. पण त्यांच्या मैदानावर कधी सर्कस उतरायची, कधी प्रदर्शन लागायचं, म्हणून त्यांचे सामने कायम परगावी. "बाकीची पोरं चेंडूमागं पळत्यात हो. त्यांना काय ऐकू येत न्हाई. पन गोलकीपर एका जागी उभा. पाठीमागं त्या गावची मानसं. आईवरनं, जातीवरनं, काय वाटंल ते बोलत्यात. मागं वळून बघायचं न्हाई, अन् चेंडू तर आडवायचा." त्यांनी खिडकीची काच खाली ओढली. "आमच्यासाठी ओरडनारं एकबी मानूस नसायचं. एक जरी असता ना."

इतकी वर्षं आम्ही हा माणूस विक्षिप्त म्हणून एकमेकांना सांगून हसत आलो होतो.

मामांची भीती खरी ठरली. स्टेडियममध्ये माणसं होती, पण मूठभर शेंगदाणे परातीत पसरावेत तशी विखुरलेली. मामांनी चौफेर पाहिलं आणि त्यांचा हात मनगटाकडे गेला. मी डबी काढणार, एवढ्यात ते उठले, पायऱ्यांच्या मधोमध उभे राहिले, आणि स्टँडवरच्या त्या जुन्या सरकारी आवाजात त्यांनी घोषणा केली, "प्रेक्षकांनी इकडे लक्ष द्यावे! सर्व प्रेक्षकांनी गोलच्या पाठीमागील बाजूस एकत्र बसून घ्यावे! मागील खुर्च्या रिकाम्या ठेवाव्यात!"

मला धरणी दुभंगावी असं झालं. निम्म्या लोकांना मराठी कळत नसणार. पण त्या आवाजात काय होतं कोण जाणे. आधी दोन गोवेकर म्हातारे हसत हसत उठले, मग कॉलेजच्या मुलांचा घोळका, मग एक कुटुंब डबेबिबे घेऊन सरकलं. एक रखवालदार तरातरा आला, मामांचं वय पाहून घुटमळला आणि म्हणाला, "बसा हां काका, पण शांत बसा." पाहता पाहता एका गोलमागे एक बऱ्यापैकी दाट पुंजका जमला. मामा पुढच्या रांगेत बसले. त्यांच्या शेजारी मणिपूरची एक मुलगी होती. गोव्यात हॉटेलात नोकरी करणारी. आपल्या टीममधला एक बचावपटू तिच्या शेजारच्या गावचा होता.

पूर्वार्ध बरा गेला. उत्तरार्धात बाजू बदलून आपला गोलकीपर आमच्या पुढ्यात आला. त्याच्या हातून एक साधा चेंडू निसटला आणि गोल झाला. लगेच आमच्या मागून कुणीतरी त्याला घाणेरडी शिवी हासडली. दुसरी आली. आणि मामा उभे राहून मागे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते ओरडले नाहीत, हेच मला जास्त भीतीदायक वाटलं. त्यांनी त्या तरुणाला हात जोडले. "असं नका बोलू हो," ते म्हणाले. "त्याला ऐकू जातंय."

तो ओशाळून खाली बसला. मामाही बसले, पण छातीवर हात ठेवून. मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली. मणिपूरच्या मुलीने आपली पाण्याची बाटली पुढे केली आणि हातातल्या कागदाने त्यांना वारा घालू लागली. मी बाहेर जाऊया म्हणालो. मामांनी मान हलवून नाही म्हटलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. माझ्या चेहऱ्यावर परतायला फार वेळ लागला. त्यांचं मन दुसरीकडे वळावं म्हणून ती मुलगी हिंदीतून तिच्या गावाकडचं सांगत राहिली. तिकडे सामना म्हटला की दुकानं बंद होतात. बायका पाठीला मूल बांधून डोंगर उतरून येतात. आपली टीम हरत असली तर लोक जास्तच गातात. "वहाँ क्यों नहीं खेलते ज़्यादा?" तिने विचारलं, जणू ठरवणारे मामाच.

मामांनी बाटलीचं झाकण फिरवून घट्ट बसवलं. मग विचारलं, "हमारे इधर से सीधी गाडी है क्या?"

ती हसली. आधी आसामपर्यंत रेल्वे, ती मध्ये बदलावी लागेल, मग डोंगरातून बस. दिवसचे दिवस जातात, ती म्हणाली. मामांनी मान डोलावली.

आपण त्या एका गोलाने हरलो.

परतीच्या प्रवासात मामा गाढ झोपले. घरी आल्यावर त्यांनी कोल्हापूरचं नाव काढणं सोडून दिलं. सोनईच्या व्याह्यांना आपणहून फोन लावला आणि सांगितलं, दिल्ली नको अन् कोल्हापूरबी नको, आपली टीम तिकडं डोंगरात खेळली पाहिजे. व्याह्यांनी विचारलं, "मग तुमी कसं जानार?" मामांनी फोन मामीच्या हातात दिला. डॉक्टरांनी गोव्याचं ऐकल्यापासून त्यांना नगरच्या पुढे जायची बंदी केली होती.

आणि खरोखरच पुढे एक सामना तिकडे ठरला. त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी बेलापूरला गेलो. मामीने रिमोट स्वतःच्या हाताने मामांना दिला होता आणि आत जाऊन देवापुढे बसली होती. पडद्यावर हिरवे डोंगर होते, आणि माणसंच माणसं. मामा चेंडूकडे फारसे बघतच नव्हते. कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला की ते पुढे वाकत, आणि खेळाकडे वळला की मागे टेकत. मी चोरून पाहिलं. दोन्ही हात मांडीवर होते, नाडीवर नव्हते. आपण जिंकलो. तिकडे लोक नाचायला लागले, गोलकीपरला त्यांनी उचलून घेतलं. बाहेर मामांच्या आळीत कुणाला पत्ताही नव्हता. उसाची एक ट्रॉली खडखडत गेली, तेवढंच.

"बरं झालं आपन गेलो न्हाई," मामा म्हणाले. "एवढ्या गर्दीत तिथल्या दोन मानसांची जागा आपन अडवून बसलो असतो."

मी होकार दिला. मामीने चहा आणून ठेवला. मामा बशीत चहा ओतून घेत राहिले, तो प्यायला मात्र विसरले. पडद्यावर जाहिराती सुरू झाल्या होत्या, तरी ते तिकडेच बघत होते.

"पन गेलो असतो," ते हळूच म्हणाले, "तर लई बरं वाटलं असतं हो."