दुधाच्या पिशवीतले बल्ब

दत्ता भुवड गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, कोण बोलतंय? मग आणखी दोघांना फोन लावून खात्री करून घेतली. माझी सगळी नोकरी जमिनीची कागदपत्रं तपासण्यात गेली. समोरचा काहीतरी लपवतोय असं धरूनच मी ऐकतो. तिसऱ्यानेही तेच सांगितलं तेव्हा खाली बसलो... दोन महिने मी त्याच्या गॅरेजकडे फिरकलो नव्हतो.

दत्ता माझा शाळेपासूनचा दोस्त. मिरजोळ्याला त्याचं गॅरेज, गाड्यांच्या वायरिंगचं काम. त्याच्या हाताखालच्या गाडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे. आणि गाडीतून जे काही काढेल ते दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून, सोबत चिठ्ठी टाकून, गाठ मारून तो गिऱ्हाइकाच्या हातात देई. कोणाला शंका नको म्हणून. मी मात्र त्याच्यासमोरच गाठ सोडून आत बघायचो. तो हसायचा. "बघ, बघ. तुझी खोड जायची नाय."

माझी गाडी जुनी, मेव्हण्याकडून घेतलेली. तिच्यात क्रूझ आहे. बटण दाबलं की गाडी ठरलेला वेग आपणहून धरून ठेवते, पायाला आराम मिळतो. उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून खेडला बहिणीकडे जाताना मला त्याचाच आधार. एक दिवस ते लागेना. बटणावरचा दिवा पेटे, पण वेग धरेना. गाडी दत्ताकडे नेली.

त्याने पहिलाच प्रश्न विचारला, "मागच्या ब्रेकलाईटला दुसऱ्या कोणी हात लावलान काय?"

मी नाही म्हणालो. खरं तर आठवड्यापूर्वीच खेडच्या एका दुकानात मी मागे एलईडीचे झगझगीत बल्ब बसवून घेतले होते. मागून येणाऱ्या ड्रायव्हरवर माझा विश्वास नाही, त्याला ब्रेक लांबून दिसावा म्हणून. पण दत्ता चिडेल म्हणून बोललो नाही. शिवाय मागच्या बल्बचा आणि क्रूझचा काय संबंध, असंही वाटलं.

"तू बोललास ना, मग ते सोडू," म्हणून तो स्टिअरिंगखाली शिरला.

चार दिवस गेले. फ्यूज पाहून झाले, ब्रेकच्या पेडलवरचा स्विच बदलून झाला, वायरी सोडून पुन्हा जोडून झाल्या. माझ्या डोक्यात नाही नाही ते यायला लागलं. माझ्या गाडीचं काही दुसऱ्याच्या गाडीत तर जात नाही? एकदा न सांगताच जाऊन उभा राहिलो. तो स्टिअरिंगखाली उताणा, पाय तेवढे बाहेर. तुला जमत नसेल तर सांग, कोल्हापूरला नेतो, असं मी चार माणसांत म्हणालो. तो बाहेर आला, हात पुसले आणि पुन्हा आत शिरला.

पाचव्या दिवशी क्रूझ चालू. काय होतं विचारलं तर, "वायर सुटलेली. जोडली." तेव्हाही गॅरेजात माणसं होती. एका सुटलेल्या वायरीला चार दिवस? मला ते पटलं नाही आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. त्याने पिशवी पुढे केली. मी ती न उघडता डिकीत टाकली आणि निघालो.

त्याच्या तेराव्याहून परतताना हातखंब्याजवळ चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढायला डिकी उपसली, तर खाली पिशवी. रस्त्याकडेला उभं राहून गाठ सोडली. आत ते दोन एलईडी बल्ब आणि जुना स्विच. चिठ्ठीत लिहिलं होतं, "यांच्यामुळे क्रूझ लागत नव्हतं. साधे बसवलेत. हे चांगले आहेत, टाकू नको."

नंतर दुसऱ्या मेकॅनिकने समजावलं. अशा जुन्या गाडीचं क्रूझ ब्रेकच्या बल्बवरूनच ओळखतं की पाय ब्रेकवर आहे की नाही. एलईडी लावले की त्याला सारखा ब्रेक दाबलेलाच वाटतो, मग ते लागत नाही. म्हणजे दत्ताने पहिल्या प्रश्नातच दुखणं ओळखलं होतं. माझ्या एका 'नाही'वर विश्वास ठेवून तो चार दिवस भलतीकडे शोधत राहिला. आणि माझं खोटं सापडल्यावर चार माणसांत त्याने वायरीचं नाव पुढे केलं.

त्याला वाटलं असणार, मी नेहमीसारखी त्याच्यासमोर गाठ सोडीन, चिठ्ठी वाचीन, ओशाळेन, आणि मग दोघं हसू. मी माफी मागायला हवी होती, दत्ता, आणि तू त्याला जागाही करून दिली होतीस.

पिशवी आता गाडीच्या पुढच्या खणात असते. गाठ मी परत मारून ठेवली आहे. इतकी वर्षं प्रत्येक पिशवी तपासली, नेमकी तेवढी एक तपासली नाही.