करकरणारा डावा बूट

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं चालले आणि कुठेच पोचले नाहीत, असं ताई म्हणायची. त्यांचा धंदाच तसा होता. सिनेमात माणूस चालताना दिसतो, पण ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा त्याची नसतात. शूटिंगच्या वेळी माईक बोलणाऱ्याच्या तोंडाशी. पायांना कोण विचारतो? मग नंतर एका बंद खोलीत, पडद्यासमोर कोणीतरी नटाच्या पावलाला पाऊल लावत जागच्या जागी चालतं आणि तो आवाज चित्राला जोडतात. ते कोणीतरी म्हणजे दाजी. आणि शाळेत तीनदा आपटल्यावर त्यांच्या पदरात पडलेला मी.

आमच्या खोलीत जमिनीला चौकोनी कप्पे पाडलेले होते. एकात सिमेंट, एकात फळ्या, एकात खडी, एकात वाळू. जगातले सगळे रस्ते दोन पलंगांच्या जागेत. भिंतीला जुन्या बुटांचं कपाट, आणि त्याचा वास असा की चहावाला कप दारातच ठेवून पळायचा. दाजींनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "मेहुणे," ते म्हणायचे, "टाच! टाच आधी पडू दे. चालताय की भांडी आपटताय?"

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे दोन पोलिसांचा सिनेमा आला. एक जाड्या, एक काड्या. दोघांचं क्षणभर पटत नाही आणि एकमेकांवाचून पान हलत नाही, असली गोष्ट. जाड्याचे पाय मी, काड्याचे दाजी. त्यात दाजींकडून चूक झाली. ओले बूट त्यांनी हीटरला टेकवून ठेवले, डाव्याचा तळ आतून सुटला आणि तो करकरायला लागला. गोळीबाराच्या गडबडीत आम्हा दोघांनाही ते कळलं नाही. दिग्दर्शकाला कळलं, आणि तो खुर्चीतून पडेपर्यंत हसला. काड्या दबकत चोराच्या मागे जातो, बूट करकरतो, चोर वळून बघतो. सगळं थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. पोरं रस्त्याने करकर करत चालायला लागली. दाजी मात्र चिडलेले. "माझ्या चुकीला टाळ्या पडतायत, मेहुणे. नीट चाललो त्याचं काय?" तरी तो जोड त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही असा दंडक घातला.

सिनेमाचा दुसरा भाग निघणार अशी आवई दर वर्षी उठायची. निघाला तेव्हा दाजींच्या डाव्या अंगावरून वारं जाऊन आठ महिने झाले होते. जीभ जड झालेली, तोंड जरासं वाकडं, एका वेळी दोन-तीन शब्द. डावा पाय ओढत चालायचे, ताईच्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टर म्हणाले, जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलं. बातमी मीच त्यांना सांगितली. अक्कल गहाण टाकली होती म्हणा. ते कपाटाच्या वरच्या खणाकडे बोट करून म्हणाले, "बूट काढ."

मी तोंडभरून म्हणालो, "तुमच्याशिवाय कोण करणार, दाजी?" बोलणाऱ्याचं काय जातं!

दुसरा भाग कसा तयार झाला ते सांगण्यासारखं आहे. अकरा वर्षांत काड्याला पोट सुटलं होतं आणि जाड्या व्यायाम करून वाळला होता. एकाला पट्ट्याने आवळायचा, दुसऱ्याच्या शर्टात उशा भरायच्या. त्यातून दोघांचं कशावरून तरी बिनसलेलं. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. सोमवारी एकाचं शूटिंग, मंगळवारी दुसऱ्याचं. खांद्याला खांदा लावून चालायचं दृश्यसुद्धा वेगवेगळं घेऊन संगणकावर जोडलं. अख्ख्या सिनेमात ते दोघे खरोखर शेजारी चालले ते फक्त आमच्या खोलीत, आणि तिथेही या वेळी मी एकटाच होतो. आधी जाड्या चाललो, मग काड्या.

काड्या काही मला जमेना. दाजींनी बोट दाखवून बूट काढायला लावले होते, ते घालून मी चार दिवस फळ्यांवर नाचलो. बूट करकरेल तर शपथ! टाच टेकून वजन हळूहळू अंगठ्याकडे न्यायचं आणि तिथे क्षणभर थांबायचं, यात सगळं होतं. ते दाजींच्या पायात होतं, बुटात नव्हतं.

पण गोष्टीत पुढे काड्याच्या डाव्या पायाला गोळी लागत होती. शेवटची अकरा मिनिटं तो पाय ओढत चालतो आणि तशा पायाने मित्राला वाचवतो. मी दिग्दर्शकाचे पाय धरले. म्हणालो, एवढं तरी दाजींना करू द्या, असा पाय मी सात जन्मांत काढू शकणार नाही. तो भला माणूस, हो म्हणाला.

दाजी आले ते दाढी करून. ताईने त्यांना उजव्या बाजूने धरलं, मी माईक खाली घेतला. पडद्यावर काड्या भिंतीला धरून उठला, आणि दाजी चालले. डावा बूट फळीवर घासत जायचा, मधेच अडायचा, मग उजवी टाच पडायची. दोन दिवस लागले. ताईचे कपडे सळसळू नयेत म्हणून ती माझा जुना बनियन घालून उभी होती, श्वास रोखून. शेवटचं पाऊल झालं तेव्हा काचेपलीकडे बसलेले रेकॉर्डिंगवाले सगळे उभे राहिले. दाजी मला म्हणाले, "नीट चाललो." आजारपणानंतर मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

त्यानंतर घरातलं वारंच फिरलं. दाजी स्वतःच्या हाताने जेवायला लागले. दूधवाल्याला, व्यायाम घेणाऱ्या बाईंना, खालच्या मजल्यावरच्या वकिलांना, दिसेल त्याला छातीवर हात ठेवून सांगायचे, "अकरा मिनिटं. मी."

मग निर्मात्याने निवडक लोकांना बोलावून सिनेमा दाखवला. लोकांनी कागदावर लिहून दिलं की हसायला आलो होतो, काड्याला लंगडा कशाला करता? झालं. पंधरा दिवसांत शेवट बदलला. गोळी आता काड्याच्या खिशातल्या डब्याला लागते, डबा वाजतो, आणि काड्या ताठ चालत जातो, करकर करत. दाजींची दोन दिवसांची पावलं साउंड एडिटर बाईंनी माझ्यासमोर पुसली. त्यांचाही इलाज नव्हता. त्या तरी काय करणार? मला करकर जमत नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्या भागाची जुनी ध्वनिफीत शोधली आणि त्यातली दाजींची पावलं उचलून काड्याच्या पायांखाली बसवली. अगदी फिट्ट बसली.

हे दाजींना सांगायला मी तीनदा घरी गेलो. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आलो. ताईला जिन्यात गाठून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू आशा लावलीस, तूच सांग." आणि लगेच माझी बाही धरून म्हणाली, "नको. नको सांगूस. अरे, निदान सिनेमा लागेपर्यंत तरी जेवू दे त्यांना." मग आम्ही दोघं मूग गिळून बसलो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि करता येण्यासारखं तर काहीच नव्हतं.

काम केलेल्या लोकांसाठी सकाळी दहाचा खेळ होता. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून कडेच्या खुर्चीवर, मधे मी, पलीकडे ताई. सगळा वेळ लोक हसत होते. शेवट जवळ आला तसा दाजींनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं. गोळी सुटली. डबा वाजला. हशा पिकला. काड्या धूळ झटकून उठला आणि ताठ चालायला लागला. करर्र, करर्र.

मी पडद्याकडे बघूच शकलो नाही. दाजींची बोटं माझ्या मनगटावर पावलांबरोबर पडत होती, एकही न चुकता. टाच, अंगठा, थांबा. टाच, अंगठा, थांबा. अकरा मिनिटं ती तशीच पडत राहिली. मग नावांची यादी वर सरकली, त्यात आमची दोघांची नावं शेजारी होती, आणि दिवे लागले.

"हा मी," दाजी म्हणाले.

"हो, दाजी. तुम्हीच."

"मागचा." त्यांनी मान हलवली. त्यांना पहिल्या पावलालाच कळलं होतं. मग ते माझ्या तोंडाकडे बघत, एकेक शब्द गोळा करत म्हणाले, "चांगला चालतो. मेहुणे... आताचा कुठे आहे?"

ताई उठून त्यांच्यासमोर आली आणि खाली वाकून त्यांच्या डाव्या बुटाची नाडी बांधायला लागली. ती आधीच बांधलेली होती.