मुजावरबाईंचा दुसरा प्रश्न

मुजावरबाईंना कोणी "बरं हाय" असे सांगितले, की त्या समोरच्याकडे क्षणभर पाहत आणि विचारीत, "खरं?" शिपायालाही विचारीत, तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनाही. एक अधिकारी त्यावर आपल्या मूळव्याधीविषयी अर्धा तास बोलले.

बाई मूळच्या जतच्या. नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्या विट्याजवळच्या आमच्या शाळेत गणित शिकवण्यास आल्या. मी मुख्याध्यापक, मराठीचे तास घेत असे. शिक्षिका असूनही त्या बोलीतच बोलत, हे मला खुपे. गावातील बहुतेक पुरुष परमुलखात सोने गाळण्याच्या दुकानांत होते. त्यांपैकी एकाने शाळेस संगणक दिला. तो कोणालाच चालवता येईना, तेव्हा बाई सुट्टीत सांगलीला जाऊन शिकून आल्या.

त्यांनी एक लहानसा प्रोग्राम लिहिला. काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी प्रश्न उमटे : "बरं हाय का?" मुलाने "बरं हाय" असे टंकले, की यंत्र विचारी, "खरं?" मग पडदा मोकळा. मुलाने हवे ते लिहावे. बाई ते वाचणार, हे मुलांना आधीच सांगितलेले असे. त्या म्हणत, "लेकरू बरं हाय म्हणालं, की आपली चौकशी सुरू हुती. संपत न्हाई."

मधल्या सुट्टीत संगणकाच्या खोलीबाहेर चपलांची रांग लागू लागली. माझ्या खोलीबाहेर अठ्ठावीस वर्षांत शिक्षेवाचून कोणी उभे राहिले नव्हते. ती रांग मी रोज जाऊन पाहत असे. मत्सर हा शब्द मी तेव्हा वापरला नसता. शिस्त म्हटले असते.

नववीतील सुनंदा वर्गात डुलक्या घेई. मी तिच्या प्रगतिपुस्तकात "आळशी" असा शेरा लिहिला आणि तिला बाकावर उभे केले. त्याच दिवशी बाई माझ्याकडे आल्या.

"आवं सर, तिला उभी करू नगा. पोरीला रातची झोप न्हाई."

"कारण?"

"ते तिनं मशीनवर लिवलंय. तुमास्नी सांगू का, हे आदी तिला इचारते."

"मी मुख्याध्यापक आहे, बाई."

"व्हय की. म्हणून तर भ्यालीया."

दुसऱ्या दिवशी मी त्या खोलीस कुलूप लावले. हे अभ्यासक्रमात बसत नाही, असे कारण दिले. बाईंनी वाद घातला नाही. "मशीन बंद ठेवा, सर. पर मग तिला तुमी इचारा."

मी विचारले. सुनंदा ताठ उभी राहून म्हणाली, "बरं आहे, सर." उच्चार निर्दोष होता. तो मीच शिकवला होता. वर्गात "हाय" म्हणणाऱ्यास मी छडी देत असे.

शाळा सुटल्यावर मी कुलूप काढून यंत्रासमोर बसलो. भिंतीवर बाईंनी सूचना लिहून लावल्या होत्या, त्यांबरहुकूम ते सुरू केले. "बरं हाय का?" एका बोटाने मी टंकले : "बरं आहे."

उत्तर आले : "समजलं न्हाई. परत सांग."

मी तीनदा सांगितले. यंत्राला तीनदा समजले नाही. बाईंनी त्यास "आहे" शिकवलेच नव्हते.

सकाळी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. आठवड्याने, सुनंदाला विचारून, बाईंनी मला सांगितले. आईवडील दोघेही कोइमतूरला. मुलगी अंथरुणास खिळलेल्या चुलतीजवळ रात्रभर जागत होती. बाईंनी पत्र घालून आईला बोलावून घेतले. पुढे सुनंदा वर्गात जागी असे. मी शेरा खोडला. माझ्याकडे मात्र ती कधी आली नाही. चपला त्याच दाराशी राहिल्या.

दोन वर्षांनी संस्थेने बाईंची बदली जतला केली. मी एस.टी. स्टँडवर गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या.

"बरं हाय का, सर?"

"बरं हाय," मी म्हणालो. तो शब्द मी जन्मात प्रथमच उच्चारला, आणि पुढच्या प्रश्नासाठी थांबलो.

बाईंनी समाधानाने मान डोलावली. गाडी निघाली. शिपायालाही विचारलेला तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही. उत्तर मी तयार ठेवले होते.