टेकडीवरचं बियाणं

यंदाच्या पोळ्याला आमच्या घरची तीन माणसं आणि दोन बैल पुरात वाहून गेले, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. (पंचनामा झाला नाही. तलाठ्याला काय दाखवणार? फोन?)

हा पूर मोबाइलमधल्या खेळात आला होता. पण त्यानं काही फरक पडत नाही. शिव्या मला खऱ्याच बसल्या.

भानगड अशी झाली. आमची एकुलती एक पोरगी पल्लवी हैदराबादला नोकरीला लागली आणि आर्णीच्या घरात मी आणि तिची आई रेखा, असे दोघंच उरलो. फोन रोज यायचा. पण बापलेकीचं फोनवर बोलणं ते काय! "जेवली?" "जेवली. तुमी?" "हो. थांब, आईजवळ देतो." संपलं! तिकडे रेखा तासभर बोलायची, आणि मला मागाहून आठवायचं की तुरीला फूल आलं हे सांगायचंच राहिलं.

मग एक दिवस तीच म्हणाली, "बाबा, आपन एक गेम खेळू. तुमी तिथून, मी इथून. मामालेबी घेऊ."

मामा म्हणजे रेखाचा भाऊ सुधाकर. पांढरकवड्याला हैदराबादच्या हायवेवर त्याचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे.

"काय असते त्या गेममधी?" मी विचारलं.

"जंगल असते. लाकडं तोडाची, झोपडी बांधाची, पीक घ्याचं, जनावरं आली तं हाकलाची आन् जित्तं राहाचं."

"अवं, हे तं मी रोजच करून राह्यलो! डुकरं हायेत का त्याच्यात?"

"हायेत."

"मंग फरक काय?"

"फरक हाच का त्याच्यात मी बी असन, बाबा."

झालं. मी गेम घेतला.

दर रविवारी संध्याकाळी पाच ते सहा. पहिल्या रविवारी मी तासभर एका झाडावर डोकं आपटत होतो, कारण वळायचं कसं ते मला कळेना. दुसऱ्या रविवारी मी सुधाकरला कुऱ्हाड मारली. (चुकून. तो अजूनही मानत नाही.) पण हळूहळू जमलं. पल्लवीच्या माणसाच्या डोक्यावर लाल टोपी होती. मी आपला त्या टोपीमागं फिरायचो. लहानपणी ती वावरात माझ्या मागं-मागं यायची, आता जंगलात मी तिच्या मागं-मागं. तिथं बोलायलाही सुचायचं. लाकडं तोडता-तोडता मी तिला तुरीचं सांगितलं, शेजाऱ्याच्या बोअरचं सांगितलं, आणि ती तिच्या साहेबाचं सांगायची. रेखा मागून ओरडायची, "कपाशीत तण गुडघ्याएवढं झालं, आन् तुमी फोनमधलं गवत कापून राह्यले!" पण साडेपाच वाजले की तीच खुर्ची ओढून माझ्या खांद्यावरून लेकीची लाल टोपी बघत बसायची.

आता बैलांचं सांगतो. आमच्याकडे बादशा आणि गुलब्या अशी जोडी होती. दोन वर्षांपूर्वी मी ती विकली. ट्रॅक्टर दाराशी मिळतो, माझे गुडघे गेले, बैलांचं कोण करणार? कारणं सगळी बरोबर होती. तरी गाडीत चढताना गुलब्या अडला आणि मागं वळून बघायला लागला, तेव्हा मी मोटर बघायच्या निमित्तानं विहिरीवर निघून गेलो. पल्लवी चार दिवस माझ्याशी बोलली नाही. गोठ्यात आता खताच्या थैल्या आहेत.

तर खेळात पल्लवीनं दोन रानबैल पकडले, एक पांढरा, एक तांबडा. त्यांना गाडी जोडली. म्हणाली, "बाबा, नावं तुमी ठेवा." मी विचार न करता म्हटलं, "बादशा. गुलब्या." मग ती म्हणाली, "मले मालूम होतं."

त्या खेळाचा एक दुष्ट नियम होता. नदीला मधूनच पूर येतो. त्याआधी तीनदा भोंगा वाजतो. पहिला वाजला की सामान भरायचं, दुसरा वाजला की निघायचं, तिसऱ्यानंतर पाणी! आणि तिघंही एकदम मेले तर सगळंच पुसलं जातं. झोपडी, पीक, बैल, सगळं. एक जरी वाचला, तर बाकीचे दोघं त्याच्यापाशी परत जिवंत होतात.

म्हणून आम्ही तीन प्लॅन केले. पहिला प्लॅन, बैलगाडीत सामान भरून पुलावरून पळायचं. पूल गेला तर दुसरा प्लॅन, होडी. ती सुधाकरनं तीन रविवार खपून बांधली होती. आणि होडीही गेली तर?

तिथं मी अक्कल पाजळली! मी म्हटलं, "हे पाय पल्लवी, आपन सारं बियानं एकाच दिवशी पेरत नाही. थोडं घरी ठेवतो. पावसानं दगा देल्ला तं दुबार पेरनीले कामी येते. तसा एक मानूस कायम टेकडीवर बसवून ठेवाचा. खाली काईबी होवो, त्यानं हलाचं नाही."

"वा भाऊजी!" सुधाकर म्हणाला.

"एक नंबर, बाबा!" पल्लवी म्हणाली. "मंग बियानं तुमीच!"

घ्या! आठवड्यातून एक तास पोरगी भेटायची, तोही मी स्वतःच्या तोंडानं घालवला. त्यानंतर दर रविवारी मी टेकडीवर एकटाच. खाली ती लाल टोपी ठिपक्याएवढी दिसायची. तिचा आवाज यायचा, पण सगळा सुधाकरशी. "मामा, इकडं ये. मामा, हे पाय." मी वरून विचारायचो, "मी येऊ का वं खाली पाच मिनिटं?" "नाही बाबा! तुमी बियानं हाये!" तिला काय माहीत, बियाण्याला काय वाटतं ते. मला तिच्याजवळ जाऊन उभं राहायचं होतं. बाकी मला काही नको होतं.

अशात पोळा आला, आणि नेमका रविवारी. पल्लवीला म्हटलं, ये. ती म्हणाली, "सोमवारी मोठं काम हाये, बाबा. गेममधी भेटू नं." सकाळी रेखानं पुरणपोळ्या केल्या आणि बैलांचं ताट घेऊन सवयीनं गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली. थैल्यांकडे बघून म्हणाली, "चारू कोनाले?" पण माझ्या डोक्यात दोन दिवसांपासून वेगळंच शिजलं होतं.

शुक्रवारी, पल्लवी आणि सुधाकर खेळात नसताना, मी गुपचूप टेकडी उतरलो होतो. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे करायचे असतात. मग तोरण नको? त्याला लाकूड नको? झाडं तोडायला वेळ लागला असता, आणि होडी काठावर नुसती पडूनच होती. मी तिच्या आठ फळ्या काढल्या. म्हटलं, आठ फळ्यांनी काय होतं? (होडीला एकूण बाराच फळ्या होत्या, हे मला पुढं कळलं.)

रविवारी पाच वाजता पल्लवी आली आणि ओरडलीच, "बाबाऽ! तोरन! तुमी केलं हे?" तिचा आवाज एकदम लहानपणचा झाला. मी टेकडीवरून म्हटलं, "बैल उभे कर त्याच्याखाली. आन् मी येतो पाच मिनिटं. घरच्या धन्याशिवाय पोळा कसा भरन?"

"पाचच मिनिटं, बाबा."

मी असा उतरलो म्हणता! गुडघे फक्त खऱ्या जगात दुखतात. खाली बादशा, गुलब्या तोरणाखाली, बाजूला लाल टोपी, आणि सुधाकरनं तिकडे दुकानात बसूनच झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू केली. एकेक झडती तो म्हणायचा आणि मी इकडून बोंबलायचो, "हर बोला हर हर महादेव!" त्याच्या दुकानातले दोन ट्रकवालेही ओरडायला लागले. त्या गलक्यात पहिला भोंगा वाजला, तो कोणी ऐकलाच नाही.

दुसरा पल्लवीनं ऐकला. "पूर! मामा, गाडी जुंप!"

सुधाकरनं बैल गाडीला जोडले. आणि माझ्या तोंडून निघालं, "ए! थांब! आज पोळा हाये! आज बैलाच्या खांद्यावर जू ठेवाचं नाही!"

"बाबा, गेम हाये हा!"

"मंग गेममधले बैल बैल नाही का?"

"बाबा, पानी येऊन राह्यलं!"

"येऊ दे! वर्षातून एक दिवस असते त्याहिचा. आपन इतकी वर्षं पाळला, आता कायले मोडाचा?" आणि मी जाऊन बैल सोडले. पहिला प्लॅन गेला.

"भाऊजी, होडीकडं पळा!" सुधाकर ओरडला. आम्ही तिघं काठावर. तिथं चार फळ्या.

"माही होडी!" सुधाकर म्हणाला. इतक्या दुःखी आवाजात तो सासरवाडीच्या मयतीतही बोलला नव्हता. "कोनं नेली माही होडी?"

"तोरनाकडं पाय," पल्लवी म्हणाली.

"बाबा, तुमी तरी टेकडीवर पळा!" लगेच तिनं ओरडून सांगितलं. "तुमी बियानं हाये! पळा!"

पळालो असतो, देवाशपथ! पण रेखा. ती ओवाळणीचं ताट घेऊन केव्हा मागं आली मला कळलंच नाही. "बैल उभे हायेत तवर ओवाळून घेते," म्हणत तिनं बादशाला कुंकू लावलं, गुलब्याला कुंकू लावलं, आणि दोघांच्या तोंडाशी तुपात भिजलेला पुरणपोळीचा घास टेकवला. फोनवर! मी बोट उजवीकडे फिरवलं की ते तुपावरून डावीकडे घसरायचं. टेकडी उजवीकडे होती. नदी डावीकडे होती. तिसरा भोंगा वाजला तेव्हा मी आपणहून, चांगला पावलं टाकत, नदीत चाललो होतो.

कुंकवाच्या मागून मला शेवटचं दिसलं ते एवढंच, की बादशा-गुलब्या जागेवरून हलले नाहीत आणि लाल टोपी माझ्यामागं पाण्यात येत होती. मग पडद्यावर अक्षरं आली की खेळ संपला.

मग सुधाकर म्हणाला, "भाऊजी, तिन्ही प्लॅन एकट्या मानसानं बुडवले. हे काई कोनाच्यानंबी होत नाही."

"पल्लवी," मी म्हटलं, "तू काहून आली वं पान्यात? तुले पळता आलं असतं."

"तुमाले काढाले," ती म्हणाली.

आणि तेव्हा मला काय झालं कोण जाणे. पन्नाशीच्या घरातला माणूस, तुपकट फोन हातात धरून मी म्हटलं, "बैल गेले वं पोरी. या खेपेलेबी म्याच घालवले. आन् तू बी नाही इथी. लय आठवन येते तुही. पोळ्याले घर खायाले उठते." आयुष्यात एवढं लांब मी तिच्याशी फोनवर कधी बोललो नव्हतो.

पलीकडून "ठेवते, बाबा" एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

"रडवलं नं पोरीले?" रेखा म्हणाली. त्या दिवशी पुरणपोळ्या तशाच राहिल्या. माझी खात्री झाली की रविवार गेला. खेळच उरला नाही, तर ती आता पाच वाजता येणार कशाला? पुन्हा आपलं "जेवली?" "जेवली."

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लाकडी बैल घेऊन पोरांनी करायचा पोळा. सकाळी दहाला सुधाकरची मोटरसायकल दारात थांबली. मागं कोणीतरी हेल्मेट घालून, पाठीवर बॅग. हेल्मेट निघालं.

"काहून आली वं? तुह्यं काम होतं नं मोठं?" मी म्हटलं.

"गेममधली झोपडीच नाही राह्यली, बाबा. मंग भेटाचं कुठी?" असं म्हणून ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि शिळ्या पुरणपोळ्या चार खाल्ल्या. रेखा तिला वाढत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी मोटर बघायला विहिरीवर गेलो. (मोटर ठीक होती.)

चार दिवस राहिली. चार दिवसांत आम्ही काही फार बोललो नाही. ती ओसरीवर बसायची, मी बाजूला बसायचो, आणि तेवढं पुरायचं. जायच्या आधी तिनं नवीन खेळ सुरू करून दिला. नवे बैल, नावं तीच. सुधाकरनं नवी होडी बांधली. नव्या प्लॅनमध्ये टेकडीवर सुधाकर बसतो, आणि माझ्यासाठी वेगळा नियम आहे: बाबांनी लाकडाला हात लावायचा नाही.

आता दिवाळी आली. (भाऊबीजेला ओवाळून घ्यायला सुधाकरही टेकडी उतरणार, हे ठरलेलंच आहे.) पल्लवीला विचारलं, येतेस का? म्हणाली, "सुट्टीचं जमून नाही राह्यलं, बाबा. गेममधी भेटू नं."

काल दुपारी, दोघंही खेळात नसताना, मी होडीच्या दोन फळ्या हळूच काढल्या. मागं बघतो तर रेखा उभी. म्हटलं, आता बसतात शिव्या!

"दोननं काय होते?" ती म्हणाली. "आठ काढा."