दुसऱ्या तोंडाचं उष्टावण

बहिणीचा मुलचेऱ्याहून फोन आला तेव्हा मी आलापल्लीत माझ्या सुतारकामाच्या दुकानात करवतीला धार लावत होतो. म्हणाली, "भाऊ, उद्या सकाळी ये. पोरीचं उष्टावण आहे."

"कोणत्या पोरीचं?" मी ओरडलोच. हिला एकुलती एक पोरगी, तीही आठवीत. लहानपणी तिचं उष्टावण मीच केलं होतं. खिरीचा पहिला घास मामाचा, म्हणून मांडीवर घेऊन भरवली होती. "डोकं ठिकाणावर आहे का तुह्यं?"

"नवा सदरा घालून ये," म्हणाली आणि फोन ठेवला.

भाचीला सिस्टिक फायब्रोसिस आहे. जन्मापासूनचा आजार. छातीत चिकट कफ साचतो, आणि अन्न पचवणारा रस आतड्यात उतरत नाही. म्हणून प्रत्येक जेवणाआधी गोळ्या. घामात मीठ एवढं, की तिची पापी घेतली तर आपले ओठ खारट होतात. बहीण तूप, साय, अंडी घेऊन पोरीमागे घरभर फिरायची, तरी अंगावर मूठभर मांस चढेना. या वर्षी खोकल्यानं जी धरली ती सोडेचना. नागपूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, वजन वाढलं नाही तर छाती तग धरणार नाही. मग पोटाला बारीक छिद्र पाडून सरळ जठरात नळी बसवली. तोंडानं जमेल तेवढं खायचं, बाकीचं नळीतून.

दवाखान्यात नर्स द्यायची तेव्हा पोरगी गुमान घ्यायची. घरी आली आणि तिची आत्या भेटायला आली. दारातूनच पदर डोळ्याला लावून म्हणे, "अवं माय! पोरीले नळी लागली वं!"

आता आमच्याकडे 'नळी लागली' याचा अर्थ एकच. एखाद्या म्हाताऱ्याला नळी लागली म्हटलं की नातेवाईक मिळेल ती गाडी पकडतात. पोरीनं ते ऐकलं. तेव्हापासून ओढणी पोटाशी गच्च धरून बसली, आईला हात लावू देईना. तोंडानं चार घास खाल्ले की खोकल्याची उबळ, आणि ताट बाजूला.

हे सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीच्या नवऱ्यानं मला अंगणातच सांगितलं. असा संताप आला! आत पाहतो तर रांगोळी, पाट, दिवा, शेजारच्या बाया, आणि पाटाच्या अगदी जवळ तीच आत्या. बहिणीनं तिलाच पहिलं बोलावणं धाडलेलं. मी तोंड उघडणार तोच बहिणीनं डोळे वटारले.

आतल्या खोलीतून पोरीचा आवाज आला, "मी काय लेकरू आहे? काऊन तमाशा करून राह्यली तू?"

बहीण खोलीच्या दारात उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "माह्या पोरीले नळी नाई लागली. तिले दुसरं तोंड आलं. एक तोंड खोकलते, थकते, म्हणून दुसरं. आन नव्या तोंडाचं उष्टावण मामानंच कराव लागते. बोलाव भाऊ तुह्या भाचीले."

वा गं बहाद्दरे! मी जन्मभर लोकांवर ओरडत आलो, पण चारचौघांत एका शब्दाला असं धरून घराबाहेर काढणं मला सात जन्मांत जमलं नसतं. मी आत गेलो. म्हटलं, "चाल वं माय, मामानं नवा सदरा घातला, फुकट नको घालवू." ती नाक ओढत हसली आणि पाटावर येऊन बसली.

आत्यानं खिरीची वाटी पुढे केली. "जराशी नळीत टाक ना. शास्त्र म्हणून."

"बिलकुल नाई, बाई. नळी बुजते. खीर वरच्या तोंडाले." बहिणीनं पोरीला गोळ्या दिल्या आणि खिरीचं बोट आत्याच्याच हातानं चाटवलं. आत्या ओशाळली, पण खूशही झाली.

मग दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज नळीला जोडली. आधी थोडं पाणी सोडलं, मग दवाखान्यातली पावडर कालवलेलं दूध मला ओतायला लावलं. "हात उंच केला का जोरात जाते. खाली केला का हळू." मी दिवसभर रंधा मारणारा माणूस, आणि माझा हात लटपटायला लागला!

"मामा, तुम्ही रडून राह्यले का?"

"नाई वं. दिव्याचा धूर आहे."

"द्या इकडे. तुमचा हात हालते." तिनं ओढणी स्वतःच बाजूला सारली, सिरिंज माझ्या हातून घेतली आणि सगळ्यांसमोर उंच धरून बसली. दूध हळूहळू उतरत गेलं. बहिणीनं शेवटी पाणी सोडलं आणि नळीला टोपण लावलं.

पोरगी म्हणाली, "आई, अजून दे ना. मले लय दिवसाची भूक आहे."

"आता नाई. पोट फुगन. संध्याकाळी," बहीण ठणकावून म्हणाली. आणि मग तिथंच, सगळ्यांच्या मधोमध, खाली बसून ढसाढसा रडली.