मिठागरावरची झोपडी

नोकरी सुटून बरीच वर्षे झाली. पकडलेले चोर बहुतेक विसरलो, पण चोर म्हणून धरलेला एक माणूस अजून डोळ्यांपुढे आहे. नावे कुणाचीच देत नाही.

प्लेगचे दिवस होते. मी कल्याणला फौजदार होतो. लोक घरांना कुलपे घालून रानात राहायला गेले होते आणि घरफोड्यांचे फावले होते. एके दिवशी एका आळीचा रखवालदार खबर घेऊन आला. कुणी परका माणूस पाटीची रिकामी चौकट डोळ्यांपुढे धरून घरे न्याहाळतो आणि अंगणात ऊन केव्हा येते ते विचारतो. आदल्या सकाळी तो ज्या घरासमोर उभा होता, तेच दुपारी फुटले होते.

माणूस सापडला. झडतीत ती चौकट आणि मूठभर चणे निघाले. तो शांतपणे म्हणाला, "माझ्या मालकांनी मुंबईत हलत्या चित्रांचं यंत्र आणलंय. उन्हाशिवाय त्याला काही दिसत नाही. म्हणून मी पुढं येऊन जागा बघतो, तिथल्या लोकांची परवानगी घेतो. मग यंत्र येतं."

हवालदार म्हणाला, "साहेब, आता जागा हेरायचाही पगार मिळतो म्हणायचा!"

मालकाला तार केली. नोकरी खरी निघाली. पण तेवढ्याने सुटका होत नाही.

"घर फुटलं त्या दुपारी कुठे होतास?"

"दिवा गावाकडच्या मिठागरावर. एक झोपडी बघायला गेलो होतो."

"तुला तिथे कुणी पाहिलं?"

"कुणी नाही. झोपडी रिकामी होती. जागा जमली नाही, सोडून आलो."

"का जमली नाही?"

"ऊन येत नाही, साहेब."

तोवर माझ्याकडे बघून बोलणारा माणूस हे उत्तर जमिनीकडे बघून बोलला. साक्षीदार नसेल तर तुरुंगात जाशील, असे मी बजावले. त्याचा चेहरा उतरला, पण जबाब बदलला नाही.

दुपारी जेवायला बसलो. बायकोने पानात मीठ वाढले आणि माझा हात थांबला. मिठागरावर ऊन येत नाही? मग मीठ पिकते कशाने? तसाच उठलो आणि मिठागर गाठले.

झोपडीभोवती एकही झाड नव्हते. ऊन इतके लख्ख की डोळे उघडवेनात. दारात एक तरुण आगरी हात जोडून उभा राहिला. आत त्याची बायको निजलेली होती, काखेत प्लेगची गाठ आलेली.

"साएब, हिला नेव नका," तो म्हणाला. "सरकारच्या इस्पितळात गेलेलं मानूस मागारी येत नाय."

चौकटवाल्याचे नाव काढताच त्याला रडू फुटले. "तो जागा बगाया आला नं हिला बगून पानी आनाया धावला. सांजपावतर बसला. कुनाला सांगनार नाय बोलला."

आजार कळवणे माझे कर्तव्य होते. मी डॉक्टरांनाच तिथे घेऊन गेलो. ताप उतरलाय, आता हलवायची गरज नाही, असे त्यांनी सांगितले. मग नवऱ्याने निर्धास्तपणे जबाब दिला. परका कोणत्या घरासमोर उभा होता हे खबर आणणाऱ्या रखवालदारालाच ठाऊक होते; त्याची झडती घेतली, तेव्हा चोरीची भांडी त्याच्याच खोपटात मिळाली. कुंपणानेच शेत खाल्ले होते.

चौकट परत देताना मी त्या माणसाला म्हणालो, "जागा तर फार नामी होती."

"अशी पुन्हा मिळायची नाही," तो म्हणाला. "पण चित्र कुठंही निघेल, साहेब. त्या दोघांना दुसरी जागा कुठं होती?"

मी उठून त्याला दारापर्यंत पोचवले. आरोपीसाठी मी खुर्चीवरून उठलो, असे पुढच्या साऱ्या नोकरीत पुन्हा घडले नाही. खोटे पकडणे मला आधीपासून येत होते. ते कुणासाठी बोलले गेले हे विचारायला त्याने शिकवले.